झाडाचं वजन कुठून येतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा ही आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार, अशी बऱ्याच जणांची अटकळ होती. त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळ-संध्याकाळ येतंच आहे. आज मी अशा एका वाक्याबद्दल बोलणार आहे, जे या मांडवातल्या प्रत्येकाला अजूनही पाठ आहे. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात, आणि या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. दोन गुणांचा प्रश्न. समीकरण लिहिलं तर तीन.

उत्तर बरोबर आहे. पण हे माणसाला कळलं कसं? कोणी पाहिलं? झाड हवा खातं, ही गोष्ट डोळ्यांना तर दिसत नाही. हे एक वाक्य पूर्ण व्हायला तीनशेहून अधिक वर्षं लागली, आणि ते पूर्ण करणाऱ्यांत राजवैद्य होते, धर्मोपदेशक होते, साखर कारखानदारांच्या प्रयोगशाळेतले नोकरदार होते. आणि या गोष्टीची दोन्ही टोकं आपल्या सावनेर तालुक्यात आहेत. एक टोक संत्र्याच्या बागेत, दुसरं कोळशाच्या खाणीत. म्हणून हा विषय इथेच बोलावा असं वाटलं.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. संत्र्याचं कलम लावतो तेव्हा ते हातात मावतं. आठ-दहा वर्षांनी त्याच झाडाचं खोड, फांद्या, पानं मिळून काही क्विंटल भरतं, शिवाय दरवर्षी फळं देतं ती वेगळीच. हे सगळं वजन आलं कुठून? बहुतेक जण पटकन सांगतील, जमिनीतून. खत घालतो, पाणी देतो, मुळं ओढून घेतात. मग झाडाखाली खड्डा का पडत नाही?

हाच प्रश्न बेल्जियममधल्या यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्ट या वैद्याला पडला, आणि त्याने तो तराजूने सोडवायचं ठरवलं. एका कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती घेतली, म्हणजे साधारण ९० किलो. त्यात विलोचं ५ पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं, तर ते भरलं १६९ पौंड आणि वर थोडं, म्हणजे जवळजवळ ७७ किलो. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती कमी झाली होती अवघी दोन औंस. साठ ग्रॅमसुद्धा नाही. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्याचा निष्कर्ष होता, की झाड पाण्याचं बनलेलं आहे.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण एक मोठं काम झालं. झाडाचं वजन मातीतून येत नाही, हे आकड्याने सिद्ध झालं. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द याच माणसाने घडवला. ६२ पौंड लाकडी कोळसा जाळला तर एक पौंड राख उरते, बाकीचं सगळं एका 'गॅस'च्या रूपात उडून जातं, हेही त्याने लिहून ठेवलं होतं. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या हातात होते. लाकूड जळून हवेत जातं, तर ते मुळात हवेतूनच आलं असेल का, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

हा पुरावा आपल्या आज्यांनी तर रोज पाहिला आहे. पऱ्हाटीचा भारा चुलीत घातला की सकाळी किती राख निघते? घमेलंभरसुद्धा नाही. जमिनीतून घेतलेले क्षार राखेत उरतात. बाकी सगळा भारा जिथून आला होता तिथे परत गेला.

आता पुढची पायरी. इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक होते. बंद भांड्यात मेणबत्ती लावली की ती थोड्या वेळाने विझते, आणि त्या हवेत दुसरी मेणबत्ती लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी अशा 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली. २७ ऑगस्टला त्याच हवेत मेणबत्ती लावून पाहिली, तर ती व्यवस्थित जळली. दहा दिवसांत पुदिन्याने हवा दुरुस्त केली होती. उंदीर ठेवून पाहिला, तोही अशा हवेत तगला.

पण हा प्रयोग दर वेळी जमेना. कधी झाड हवा सुधारायचं, कधी उलट बिघडवायचं. खुद्द प्रीस्टलींना असा अनुभव आला आणि इतरांनाही आला. आमच्या धंद्यात अशी चूक सगळ्यात वैताग देते. प्रोग्राम कायम बंद पडत असेल तर कारण सापडतं. कधी चालतो, कधी बंद पडतो, तेव्हा समजायचं की अशी एखादी गोष्ट बदलते आहे, जिच्याकडे आपलं लक्षच नाही.

ती गोष्ट यान इंगेनहाउझ यांनी पकडली. हे मूळचे डच वैद्य, ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवीची टोचणी करण्यासाठी व्हिएन्नाला गेलेले. १७७९ च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडनजवळ एक घर भाड्याने घेतलं आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांच्यावर बुडबुडे येतात, सावलीत आणली की थांबतात. ते बुडबुडे गोळा केले तर त्यात मेणबत्ती जोमाने जळते. पाणी तेवढंच कोमट करून अंधारात ठेवलं तर बुडबुडे येत नाहीत, म्हणजे काम उन्हाच्या उबेचं नाही, उजेडाचं आहे. हे फक्त हिरव्या भागालाच जमतं, मुळांना आणि फुलांना नाही. आणि अंधारात संपूर्ण झाड आपल्यासारखंच हवा बिघडवतं, कारण श्वास तर ते दिवसरात्र घेतच असतं.

इथे जरा थांबते, कारण आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरतो, की पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो. पिंपळ मोठा गुणाचा वृक्ष आहे, त्याच्या सावलीला तोड नाही, पण रात्री ऑक्सिजन देणारं झाड पृथ्वीवर नाही. ऑक्सिजन सुटायला उजेड लागतोच. ही गोष्ट १७७९ पासून माहीत आहे. दुसरीकडे, रात्री झाडाखाली झोपलं की जीव गुदमरतो ही भीतीही वाढवून सांगितलेली आहे. कुंडीतलं रोप रात्रभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याहून किती तरी जास्त आपल्या शेजारी घोरणारा माणूस सोडतो.

पुढचं थोडक्यात सांगते. जिनिव्हाच्या ज्याँ सेनेबिए यांनी १७८२ मध्ये दाखवलं, की उजेडातसुद्धा झाड ऑक्सिजन तेव्हाच सोडतं, जेव्हा त्याला कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्याच गावच्या निकोला द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये काटेकोर वजनं घेतली. हवेतून जेवढा कार्बन झाडात गेला, त्यापेक्षा झाडाचं वजन जास्त वाढलं होतं. हा फरक पाण्याचा होता. म्हणजे हेल्मॉन्टचं पाणीही खरं आणि हवाही खरी. जमिनीतले क्षार थोडेच लागतात, पण त्यांच्यावाचून चालत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. १८४५ मध्ये युलियस मायर या जर्मन डॉक्टरांनी सांगितलं, की झाड प्रकाशाची ऊर्जा रासायनिक रूपात साठवतं. आणि १८६० च्या दशकात युलियस साक्स यांनी पान अर्धं झाकून उन्हात ठेवलं, मग आयोडीनचं द्रावण लावलं, तर उघडा भाग निळा-काळा झाला आणि झाकलेला तसाच राहिला. उजेडात पानात पिष्ट म्हणजे स्टार्च तयार होतं, हे त्यातून दिसलं.

इथपर्यंत आपलं पाठ्यपुस्तकातलं समीकरण पूर्ण झालं असं वाटतं. पण एक प्रश्न शिल्लक होता. झाड जो ऑक्सिजन सोडतं, तो कोणाचा? कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन आहे आणि पाण्यातही आहे. शंभरहून अधिक वर्षं सगळे समजत होते, की कार्बन डायऑक्साइड फुटतो, कार्बन ठेवून घेतला जातो आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. सरळ वाटणारं, आणि चुकीचं.

संशय आला तो जांभळ्या रंगाच्या काही जिवाणूंमुळे. हे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. आणि ते ऑक्सिजन सोडत नाहीत, गंधक साठवतात. १९३० च्या सुमारास कॉर्नेलिस फान नील यांनी तर्क केला, की हायड्रोजन सल्फाइडमधून गंधक उरतो, तसा पाण्यातून ऑक्सिजन उरत असणार. १९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी पानातली हरितलवकं वेगळी काढली आणि कार्बन डायऑक्साइड न देताही, फक्त उजेडात, योग्य रसायन सोबत असेल तर ती ऑक्सिजन सोडतात हे दाखवलं. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅम रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनची खूण असलेलं पाणी शेवाळाला दिलं. बाहेर पडलेल्या ऑक्सिजनवर तीच खूण निघाली. आपण या क्षणी जो श्वास घेतो आहोत, तो कुठल्या तरी पानाने किंवा शेवाळाने फोडलेल्या पाण्यातून आलेला आहे.

याच दोघांनी १९४० मध्ये कार्बन-१४ शोधला. प्रकाशसंश्लेषणाचं कोडं त्यानेच सोडवायचं असं रुबेन यांच्या मनात होतं, पण युद्धकाळातल्या एका संशोधनात विषारी फॉस्जिन वायूच्या अपघाताने १९४३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ते गेले. ते काम बर्कलीतच मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी पुढे नेलं. चपट्या काचेच्या भांड्यात हिरवं शेवाळ, त्यात कार्बन-१४ असलेला वायू, दोन्हीकडून दिवे, आणि काही सेकंदांत तोटी उघडून शेवाळ थेट गरम अल्कोहोलमध्ये. जिथल्या तिथे क्रिया थांबवायची आणि खुणेचा कार्बन कुठवर पोचला ते बघायचं. पाच सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद, असं करत त्यांनी साखर बनण्याचा संपूर्ण मार्ग उलगडला. पहिला पदार्थ तीन कार्बनांचा निघाला. १९६१ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळालं. बेन्सन यांचं नाव त्यात असायला हवं होतं, असं आज अनेक शास्त्रज्ञ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय? आपल्याकडे पानफुटी आहे. अंगणातलं तेच झाड, ज्याचं पान आपण वहीत ठेवायचो आणि काठावर रोपं फुटली की सगळ्यांना दाखवत फिरायचो. १८१३ मध्ये मद्रास इलाख्यात वनस्पतींचा अभ्यास करणारे बेंजामिन हाइन यांनी लंडनला एक पत्र पाठवलं. त्यांनी लिहिलं, की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर चांगलं आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागतं. एवढंच निरीक्षण. त्याचा अर्थ पूर्ण कळायला पुढे दीडशे वर्षं गेली. पानफुटी दिवसा पानावरची रंध्रं बंद ठेवते, म्हणजे पाणी उडत नाही. रात्रीच्या गारव्यात ती रंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवस उगवला की दार बंद करून त्याच साठ्यातून साखर करते. सकाळचा आंबटपणा म्हणजे रात्रभराची जमा. निवडुंग, कोरफड, अननस यांचंही असंच आहे.

दुसरं नाव जगदीशचंद्र बोस यांचं. रेडिओलहरी आणि वनस्पतींच्या संवेदना यांमुळे ते आपल्याला माहीत आहेत. पण १९२४ मध्ये त्यांनी प्रकाशसंश्लेषणावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि त्यातलं मुख्य पात्र आहे आपल्या प्रयोगशाळेतली हायड्रिला. ती उलटं नरसाळं आणि परीक्षानळीवाली. बोस यांनी तिच्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारं यंत्र बनवलं. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते आणि त्यात मॅलिक आम्लाचा संबंध दिसतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. पुढे अनेक दशकांनी कळलं, की पाणी तापलं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड कमी झाला, की हायड्रिला खरोखरच आपली काम करण्याची पद्धत बदलते.

ही बदललेली पद्धत कोणती, ते समजलं की आपल्या शेताकडे बघायची नजर बदलते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम पानात रुबिस्को नावाचं एक प्रथिन करतं. जगातली जवळजवळ सगळी अन्नसाखळी त्याच्यावर उभी आहे, आणि तरी हा कामगार मंद आहे, सेकंदाला मोजके रेणू हाताळणारा. शिवाय तो गोंधळतो. साध्या हवेत चार-पाच वेळांत एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतो, आणि झाडाला ते निस्तरण्यात केलेली कमाई खर्च करावी लागते. उष्णता वाढली की हा गोंधळ वाढतो. आणि उष्णता म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको.

कापूस, सोयाबीन, तूर, गहू, धान, संत्रा ही सगळी या साध्या पद्धतीची पिकं. पण हवाई बेटांवरच्या साखर उत्पादकांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कॉर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उसात वेगळंच दिसलं. तिथे पहिला पदार्थ कॅल्विन म्हणतात तसा तीन कार्बनांचा नव्हता, चार कार्बनांचा होता. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि १९६६ पासून ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी त्याचा उलगडा केला. ऊस, मका आणि आपली ज्वारी यांच्या पानात शिरांभोवती खास पेशींचं एक कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून आत ढकलतात, आणि आतल्या कड्यात रुबिस्कोभोवती त्याची इतकी गर्दी करतात, की चुकायला वावच राहत नाही. त्यामुळे रंध्रं फार उघडावी लागत नाहीत, आणि तेवढ्याच पाण्यात ज्वारी कापसापेक्षा बरंच जास्त वजन तयार करते. वनस्पतींच्या सुमारे ३ टक्केच जातींना ही युक्ती जमलेली आहे.

आपल्या लहानपणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ज्वारी उभी असायची. आता बहुतेक ठिकाणी सोयाबीन आणि पऱ्हाटी आहे. याला बाजारभाव, रानडुकरं, मजुरी अशी खरी कारणं आहेत. शेती करणारे वर्गमित्र समोर बसले आहेत, त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. पण तापत चाललेल्या विदर्भात उन्हाशी जुळवून घेणारं पीक आपण मागे सोडत आहोत, एवढं पानाच्या आतली रचना आपल्याला सांगते.

आता या गोष्टीचं दुसरं टोक. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या नावाने ते आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास मिशनरी म्हणून नागपुरात आले आणि आसपासची दगडं, जीवाश्म गोळा करू लागले. कामठी आणि आपल्या तालुक्यातलं सिलेवाडा इथल्या खडकांत त्यांना पानांचे ठसे मिळाले. लांबट, जिभेच्या आकाराची, मध्ये ठळक शीर असलेली पानं. ग्लॉसोप्टेरिस हे त्या वनस्पतीचं नाव. नागपूरहून गेलेल्या त्या ठशांचं वर्णन १८६१ मध्ये लंडनमध्ये छापून आलं. असेच ठसे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत जवळ बाळगलेल्या दगडांतही तेच पान होतं. हे सगळे भूभाग कधी काळी एक होते, याचा हा एक मोठा पुरावा ठरला. त्या जुन्या खंडाला जग गोंडवन म्हणतं, आपल्या या गोंडांच्या मुलुखावरून.

त्या पानांनी पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी ऊन पिऊन हवेतला कार्बन बांधला. दलदलीत ती गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. सावनेर, सिलेवाडा, पाटणसावंगीच्या खाणींतून निघतो तो हा. खापरखेड्याचं १३४० मेगावॉटचं केंद्र रोज जे जाळतं, ते तेव्हाचं ऊन आहे. आणि वजनाचा हिशेब इथेही चुकत नाही. एक किलो कार्बन जळला, की ऑक्सिजन जोडला जाऊन साडेतीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पानांनी लाखो वर्षांत जमा केलेलं आपण काही दशकांत खर्चतो आहोत. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ४२० च्या वर आहेत.

मग पिकांना खाऊ वाढला, चांगलंच नाही का? असा प्रश्न कोणी तरी विचारतंच. काही प्रमाणात ते खरं आहे. कापूस, सोयाबीन, गहू यांना वाढलेल्या वायूचा थोडा फायदा होतो. पण सोबत जी उष्णता येते, तिने रुबिस्कोचा गोंधळ वाढतो. पाण्याचा ताण पडला, की रंध्रं बंद होतात आणि खाऊ दाराबाहेरच राहतो. शिवाय अशा हवेत वाढलेल्या गव्हा-तांदळात प्रथिनं आणि लोह, जस्त कमी भरतं, असं प्रयोगांतून दिसलं आहे.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. या तालुक्यातल्या किती तरी घरांची चूल खाणीच्या आणि वीजकेंद्राच्या पगारावर पेटली. आज मी ज्या संगणकावर काम करते, तोही विजेवरच चालतो. पण एकाच तालुक्यात एका बाजूला कार्बन बांधणारी बाग आणि दुसऱ्या बाजूला कार्बन सोडणारी चिमणी असताना, इथल्या मुलाला या दोन्हींचा संबंध सांगता येऊ नये, हे बरं नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत इथे कोणतं पीक घ्यायचं, खाणी संपल्यावर काय करायचं, हे निर्णय याच मुलांना घ्यायचे आहेत. पाठ केलेलं समीकरण तेव्हा कामाला येणार नाही. 'हे कशावरून?' असं विचारायची आणि मोजून पाहायची सवय कामाला येईल.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे, आणि नावांची संगमरवरी पाटी, कमान, कूलर अशा सूचना आल्या आहेत. त्यातला लहानसा भाग प्रयोगशाळेला द्यावा. खर्च फार नाही. अर्धं झाकलेलं पान आणि आयोडीन. मात्र पान उकळायचं ते स्पिरिट गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच, ज्योतीवर कधीही नाही, आणि शिक्षक समोर असतानाच. हायड्रिला, नरसाळं आणि एक दिवा. दिवा जवळ-दूर करत मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायचं. पानफुटीच्या दोन कुंड्या आणि पीएच कागद. पहाटे तोडलेलं पान आणि दुपारी तोडलेलं पान, दोन्हींचा रस तपासायचा. चाखायचा मात्र नाही, कारण पानफुटी जास्त पोटात गेली तर अपायकारक असते. आणि गव्हाचे मोजून घेतलेले दाणे, निम्मे उजेडात आणि निम्मे अंधारात रुजवायचे, दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण वाळवून तोलायचे. अंधारातली रोपं उंच दिसतील, पण वजन पेरलेल्या दाण्यांपेक्षा कमी भरेल. हेल्मॉन्टचा प्रश्न मुलांना स्वतःच्या तराजूवर दिसेल.

आणि या सगळ्यांसोबत एक जाड बांधीव वही. तारीख, वेळ, तापमान, बुडबुडे, वजन, आणि मोजणाऱ्याचं नाव. जानेवारीतली हायड्रिला आणि मे महिन्यातली हायड्रिला. यंदाच्या मुलांनी लिहिलेलं पुढच्या वर्षीच्या मुलांनी तपासायचं आणि जुळलं नाही तर का जुळलं नाही ते शोधायचं. दहा वर्षांनी आपण पुन्हा भेटू तेव्हा त्या वहीत सावनेरच्या दहा उन्हाळ्यांची नोंद असेल. तशी नोंद आपल्या मुलांशिवाय दुसरं कोणी करून ठेवणार नाही.

आमच्या शिक्षकांनी आम्हाला ते एक वाक्य इतकं पक्कं शिकवलं, की तीस वर्षांनीही ते जिभेवर आहे. त्या वाक्यामागचा रस्ता आपण पुढच्या पिढीला दाखवू या. समोर बसलेल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी या योजनेत काय चालेल, काय चालणार नाही, ते आजच जेवणाच्या पंगतीत सांगावं. मी वही-पेन घेऊन येते.